अपंगांचे पुनर्वसन : शासकीय संस्था आणि त्यांच्यापर्यंतची वाट

दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या भारतीय सैनिकांसाठी १९४३ साली डेहराडून येथे ‘सेंट डन्स्टन्स’ नावाचे एक वसतिगृह उघडण्यात आले. युद्धावरून परतलेल्या या जवानांना औषधोपचार मिळाले होते, जखमा भरून आल्या होत्या. परंतु पुढील आयुष्य कसे कंठावयाचे, हा प्रश्न तसाच उभा होता. त्या वसतिगृहात त्यांना बोटांनी वाचावयास, काठीच्या आधाराने एकट्याने चालावयास आणि हाताने काही काम करून चार पैसे मिळविण्यास शिकविण्यात येऊ लागले. १९५० च्या आरंभी ही व्यवस्था भारत सरकारने आपल्याकडे घेतली आणि सैनिकांपुरती असलेली सोय प्रौढ अंधांसाठीचे प्रशिक्षण केंद्र म्हणून सर्व नागरिकांना खुली झाली. स्वतंत्र भारतातील शासकीय पुनर्वसनकार्याच्या प्रारंभीच्या पावलांपैकी हे एक महत्त्वाचे पाऊल होय.

‘पुनर्वसन’ या शब्दाचा अर्थही या उदाहरणावरून नीट ध्यानात येतो. उपचार रोग वा जखम बरी करतो. पुनर्वसन हे त्यानंतर जे उरले आहे त्याच्या बळावर माणसाला घरात, शाळेत, कामावर आणि समाजात पुन्हा आपल्या जागी आणून बसविते. हे काम एका संस्थेचे नव्हे. वैद्य, शिक्षक, कारागीर, समाजसेवक, अधिकारी आणि कुटुंब अशा अनेकांच्या हातांतून ते पुढे सरकत असते. या साखळीतील एक कडी निसटली की आधीचे श्रम पुष्कळ अंशी वाया जातात. यास्तव कोणती संस्था कोणते कार्य करते आणि तिच्याकडे केव्हा जावयास हवे, याचे ज्ञान ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी या तिघांनाही असणे अगत्याचे आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. शासकीय व्यवहारात पूर्वी ‘अपंग’ हा शब्द रूढ होता. आता ‘दिव्यांग’ हा शब्द वापरला जातो. ‘आंधळा’, ‘मुका’, ‘वेडा’ यांसारख्या शब्दांनी माणसाचे नावच पुसले जाते. त्यामुळे ते बोलण्यातूनही जावेत, अशी अपेक्षा आहे. प्रस्तुत लेखात जुन्या व नव्या दोन्ही शब्दांचा वापर प्रसंगानुसार केला आहे.

संस्थांची उभारणी

स्वातंत्र्यापूर्वी अंध व मूकबधिर मुलांच्या शिक्षणाचा भार मुख्यत्वे मिशनरी व धर्मादाय संस्थांनीच वाहिला होता. स्वातंत्र्यानंतर शासनाने या क्षेत्रात क्रमाक्रमाने प्रवेश केला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने १९५५ साली मुंबईत हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक औषध व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. १९६५ साली म्हैसूर येथे अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था सुरू झाली. १९७२ मध्ये कानपूर येथे कृत्रिम अवयव निर्माण महामंडळाची नोंदणी होऊन १९७६ पासून तेथे उत्पादन होऊ लागले.

संयुक्त राष्ट्रसंघाने १९८१ हे वर्ष ‘आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष’ म्हणून पाळावयाचे ठरविले. त्या सुमारास एकेका प्रकारच्या अपंगत्वासाठी राष्ट्रीय संस्था उभारण्याच्या कार्याला वेग आला. डेहराडूनच्या केंद्राला १९७९ साली राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. अस्थिव्यंग असलेल्यांसाठी कलकत्ता येथे १९७८ मध्ये संस्था निघाली. वांद्रे, मुंबई येथे ९ ऑगस्ट १९८३ रोजी श्रवणबाधितांसाठीची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिला अली यावर जंग यांचे नाव देण्यात आले. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू, पुढे राजदूत आणि अखेरीस महाराष्ट्राचे राज्यपाल अशी पदे त्यांनी भूषविली होती. राज्यपालपदावर असतानाच १९७६ साली त्यांचे निधन झाले. पाठोपाठ १९८४ मध्ये सिकंदराबाद येथे बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी राष्ट्रीय संस्था सुरू झाली. बहुविकलांगांसाठी चेन्नईजवळ मुट्टुकाडू येथे २००५ साली, तर भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठी दिल्ली येथे २०१५ साली संस्था निघाली. काळानुसार यांपैकी कित्येकांची नावे बदलली. कार्य मात्र तेच राहिले.

या संस्था म्हणजे केवळ रुग्णालये वा शाळा नव्हेत. देशाला लागणारे विशेष शिक्षक, श्रवणतज्ज्ञ, वाचातज्ज्ञ, कृत्रिम अवयव बसविणारे तंत्रज्ञ येथे तयार होतात. अशा प्रशिक्षितांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने वैधानिक झाली. आपल्या मुलाला शिकविणारी वा उपचार करणारी व्यक्ती नोंदणीकृत आहे किंवा कसे, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

वेळेवर ओळख

साऱ्या पुनर्वसनाचे यश ज्या एका गोष्टीवर सर्वाधिक अवलंबून असते, ती म्हणजे अपंगत्वाची वेळेवर ओळख. याचे सर्वांत बोलके उदाहरण बहिरेपणाचे आहे.

जन्मतः ऐकू न येणारे मूल दिसावयास इतर मुलांसारखेच असते. ते हसते, रांगते, चालते. आरंभीच्या महिन्यांत तोंडाने आवाजही काढते. त्यामुळे घरच्यांना संशय येत नाही. दीड-दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही म्हणून कोणी काळजी व्यक्त केली, तर ‘याचा बापही उशिराच बोलला’ असे म्हणून घरातील वडीलधारी मंडळी समजूत घालतात. पुढे शाळेत नाव घालण्याची वेळ येते तेव्हा मूल ‘मुके’ असल्याचे ठरते. वस्तुतः अशा बहुतेक मुलांच्या कंठात वा जिभेत कोणताही दोष नसतो. भाषा ऐकूनच शिकावयाची असते. जे कानावर पडलेच नाही ते तोंडून यावे कसे? मेंदूची भाषा ग्रहण करण्याची शक्ती आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत जेवढी तल्लख असते, तेवढी नंतर राहत नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी कानाला यंत्र लावले तर आवाज ऐकू येतो, पण त्या आवाजाचा अर्थ लावण्याचे शिक्षण फार मागे पडलेले असते. गेलेली ती वर्षे कोणत्याही संस्थेला परत आणून देता येत नाहीत.

म्हणून काही खुणा प्रत्येक मातेला ठाऊक असाव्यात. मोठा आवाज झाला असता तान्हे मूल दचकत नसेल. सहा महिन्यांचे झाल्यावरही आवाजाच्या दिशेने मान वळवीत नसेल. वर्षाचे होऊन हाकेला ओ देत नसेल किंवा एखादाही सार्थ शब्द उच्चारीत नसेल, तर त्याची श्रवणतपासणी विनाविलंब करून घ्यावी. मुलाने काही सांगावे याची आवश्यकता या तपासणीत नसते. नवजात अर्भक झोपेत असतानाही यंत्राच्या साहाय्याने त्याच्या श्रवणाची परीक्षा करता येते. वांद्रे व म्हैसूर येथील संस्थांत ही तपासणी, श्रवणयंत्राची निवड आणि त्यानंतरचे वाचाशिक्षण यांची सोय आहे. ज्यांना श्रवणयंत्राचा उपयोग होत नाही अशा लहान मुलांच्या कानाच्या आतील भागात शस्त्रक्रियेने उपकरण बसविले जाते. त्यास कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात. केंद्र शासनाच्या साधनसाहाय्य योजनेतून यासाठी मदत मिळते. मात्र शस्त्रक्रियेनंतर नियमित वाचाशिक्षण झाले नाही तर त्या महागड्या उपकरणाचे पुरते चीज होत नाही, हे पालकांनी विसरू नये.

इतर अपंगत्वांनाही हेच लागू पडते. मान न धरणारे, अंग कडक वा फार सैल असलेले, नजर न लावणारे, एकाच हाताने सर्व करू पाहणारे अर्भक लवकर दाखविले तर व्यायामोपचाराने पुष्कळ सुधारणा होऊ शकते. २०१३ साली महाराष्ट्रातील पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली फिरती आरोग्य पथके वर्षातून दोनदा अंगणवाड्यांतील व एकदा शासकीय शाळांतील मुलांची तपासणी करतात. जेथे दोष आढळेल तेथे मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची तरतूद आहे. पथक येण्याच्या दिवशी जे मूल घरी ठेवले जाते, तेच बहुधा तपासणीची सर्वाधिक गरज असलेले असते. त्या दिवशी ते मूल अंगणवाडीत आणविणे, एवढे एक काम सेविकेने केले तरी ते लहान नव्हे.

पोलिओने या बाबतीत एक धडा घालून दिला आहे. एके काळी गावोगाव पाय लुळे पडलेली मुले दिसत. सार्वत्रिक लसीकरणामुळे देशातील रानटी पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. अपंगत्व हे नशिबाचे लिखित आहे, ही समजूत त्या घटनेने खोटी ठरविली.

प्रमाणपत्राचे महत्त्व

शासकीय साहाय्याची बहुतेक दारे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राने उघडतात. १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य करण्यात आले आहेत. १९९५ च्या आधीच्या कायद्यात ही संख्या ७ होती. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, स्नायूंचा क्षय, थॅलेसेमिया, सिकल सेल, विशिष्ट अध्ययन अक्षमता, आम्लहल्ल्याने आलेली विद्रूपता यांचाही आता त्यात समावेश आहे. आरक्षणादी प्रमुख सवलतींसाठी अपंगत्व किमान ४० टक्के असावे लागते.

ही टक्केवारी कशी ठरते, याविषयी गैरसमज फार आहेत. एकाच व्यक्तीस दोन प्रकारचे अपंगत्व असेल तर दोन्हींची सरळ बेरीज होत नाही. मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा ठरावीक अंशच मिळविला जातो. उदाहरणार्थ, एक अपंगत्व ४५ टक्के व दुसरे ३० टक्के असल्यास एकूण ७५ होत नाही. ९० मधून ४५ वजा करावयाचे. उरलेल्या ४५ ला ३० ने गुणून ९० ने भागावयाचे. आलेले १५ हे पहिल्या ४५ मध्ये मिळवावयाचे. एकूण ६० टक्के होतात. डॉक्टरांनी टक्के कमी केले, अशी तक्रार करण्यापूर्वी हा हिशेब समजून घेणे बरे. त्यानंतरही निर्णय मान्य नसेल तर अपिलाची सोय कायद्यात आहे.

आता प्रमाणपत्रासोबत ‘युनिक डिसॅबिलिटी आयडी’ म्हणजे वैश्विक ओळखपत्र देण्यात येते व त्यासाठी संगणकावरून अर्ज करावा लागतो. ज्यांच्या घरी ही साधने नाहीत त्यांना शाळेने वा पंचायतीने मदत करावी. मात्र प्रमाणपत्र हे साध्य नव्हे, हेही तितकेच खरे. त्यावर माणसाने काय गमावले त्याची नोंद असते. त्याच्याजवळ काय उरले आहे, याची नोंद पुढील संस्थांना घ्यावी लागते.

साधने व त्यांचा उपयोग

कानपूरचे महामंडळ कृत्रिम हातपाय, कॅलिपर, कुबड्या, चाकाची खुर्ची, तीनचाकी सायकल, श्रवणयंत्रे, ब्रेलची पाटी, अंधांसाठीची काठी इत्यादी साधने निर्माण करते. १९८१ पासून चालू असलेल्या ‘एडिप’ या केंद्रीय योजनेतून ती गरजूंना दिली जातात. उत्पन्नाच्या ठरलेल्या मर्यादेत ती विनामूल्य आणि त्यावरील एका मर्यादेपर्यंत निम्म्या किमतीत मिळतात. वाटपासाठी तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे भरविली जातात. आधी एका शिबिरात मोजमाप व नंतरच्या शिबिरात वाटप, अशी साधारण पद्धत आहे.

साधन मिळाले म्हणजे पुनर्वसन झाले, असे समजणे चुकीचे आहे. कृत्रिम पाय हा चपलेसारखा घातला नि चालू लागले, असा मिळत नाही. कापलेल्या पायाच्या खुंटाची सूज प्रथम पट्ट्या बांधून उतरवावी लागते. प्लास्टरचा साचा घेऊन खुंटाच्या आकाराची खोबण तयार करावी लागते. मग तोल सांभाळणे, उठणे-बसणे, चढ-उतार यांचा सराव करावा लागतो. खुंटाला घासून जखम झाली तर माणूस पाय काढून कोपऱ्यात ठेवतो आणि पुन्हा कुबड्या हाती घेतो. हाजी अली येथील संस्थेत डॉक्टर, व्यायामोपचारतज्ज्ञ व अवयवाचा कारागीर एकाच छपराखाली काम करतात ते याचसाठी. ओडिशातील कटकजवळील ओलटपूर येथे १९७५ पासून अशीच सोय असलेली राष्ट्रीय संस्था आहे. भारतीयांच्या राहणीचा विचार करून बनविलेला ‘जयपूर फूट’ही १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह या शासकीय रुग्णालयातच जन्मास आला. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या सहकार्याचे ते फळ होय. अनवाणी चालता यावे, मांडी घालून बसता यावे, शेतातील चिखलात उतरता यावे, या गरजा ओळखून तो घडविण्यात आला.

वाढत्या वयाच्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. सहाव्या वर्षी दिलेले कॅलिपर आठव्या वर्षी आखूड पडते. प्रौढांना तेच साधन पुन्हा मिळण्यास तीन वर्षांचे अंतर असावे लागते. १२ वर्षांखालील मुलांना मात्र एका वर्षानंतर ते बदलून मिळू शकते. ही तरतूद ठाऊक नसल्याने आखूड साधन ओढत चालणारी वा ते टाकून घरी बसणारी मुले आढळतात. शिक्षकांनी वर्षारंभी उंची मोजताना या मुलांच्या साधनांकडेही पाहावे.

शिक्षण

केंद्र शासनाने डेहराडून येथे १९५१ साली ब्रेल मुद्रणालय सुरू केले. देशातील ते पहिलेच होय. त्याच वर्षी भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ही समान लिपी निश्चित झाली. उभ्या दोन ओळींत तीन-तीन, असे सहा ठिपके. त्यांपैकी काही उठवून त्रेसष्ट खुणा होतात व त्यांतून सारी अक्षरे बनतात. डावीकडचा वरचा व खालचा ठिपका उठविला की ‘क’ होतो. भारती ब्रेलचे वैशिष्ट्य असे की, खूण उच्चाराला दिलेली आहे, लिपीच्या वळणाला नव्हे. मराठीतील ‘क’, कन्नडमधील ‘क’, गुजराती व तेलुगूतील ‘क’ हे डोळ्यांना वेगवेगळे दिसतात; बोटांना ते एकच लागतात. बेळगाव, वडोदरा वा हैदराबादसारख्या बहुभाषी प्रदेशातील अंध विद्यार्थ्याला दुसऱ्या भाषेची लिपी नव्याने शिकावी लागत नाही, हा मोठाच लाभ होय.

कर्णबधिरांच्या बाबतीत सांकेतिक भाषेला आता योग्य स्थान मिळू लागले आहे. दिल्लीच्या संस्थेने २०१८ साली भारतीय सांकेतिक भाषेचा ३,००० शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. २०२१ पर्यंत त्याची व्याप्ती १०,००० शब्दांपर्यंत वाढली.

सिकंदराबादच्या संस्थेचे कार्य बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांविषयी आहे. अशा मुलाला काहीच शिकविता येत नाही, हा समज तेथील अनुभवाने खोटा ठरतो. मोठे काम लहान पायऱ्यांत विभागून एकेक पायरी पक्की करून घ्यावयाची, हे त्या शिक्षणपद्धतीचे सूत्र आहे. सदरा घालणे हे आपल्याला एक काम वाटते. शिकणाऱ्या मुलासाठी सदरा उलटसुलट ओळखणे, एक हात घालणे, दुसरा घालणे, गुंड्या लावणे अशी ती अनेक कामे असतात. आईवडिलांनी घरच्या घरी ही पद्धत वापरावी म्हणून संस्था पालकांना प्रशिक्षण देते व सोपी पुस्तके तयार करते.

कायद्याप्रमाणे ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. शासकीय व शासनमान्य शाळेला अपंगत्वाच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. परीक्षेत नियमानुसार लेखनिक व दर तासामागे किमान २० मिनिटे अधिक वेळ देण्याची तरतूद आहे. उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव आहेत.

रोजगार

अपंगांसाठी पहिले विशेष सेवायोजन कार्यालय १९५९ साली मुंबईत उघडण्यात आले. परंतु नाव नोंदविले तरी कोणते काम जमेल हे कोणी तपासावयाचे, असा प्रश्न राहिला. म्हणून १९६८ साली मुंबई व हैदराबाद येथे पहिली दोन व्यावसायिक पुनर्वसन केंद्रे श्रम मंत्रालयाने सुरू केली. पुढे अशी केंद्रे इतर शहरांत निघाली. वडोदरा येथील केंद्र खास स्त्रियांसाठी आहे. आता ही केंद्रे दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय करिअर सेवा केंद्रे म्हणून ओळखली जातात.

येथे उमेदवाराची उरलेली क्षमता मोजली जाते. बोटांची चपळाई, बसून काम करण्याची सहनशक्ती, आवड, शिक्षण यांची परीक्षा करून त्याला अनुरूप व्यवसाय सुचविला जातो व त्याचे प्रशिक्षण दिले जाते. प्रमाणपत्राने ज्याला ७० टक्के अपंग ठरविले तो माणूस शिलाई यंत्रावर वा संगणकावर पूर्ण दिवसाचे काम करणारा कामगार ठरू शकतो, हे अशा चाचणीतून दिसून येते.

केंद्रीय सेवेत १९७७ पासून खालच्या दोन श्रेणींत ३ टक्के जागा अपंगांसाठी राखून ठेवण्यास प्रारंभ झाला. १९९५ च्या कायद्याने हे आरक्षण हक्काचे झाले आणि २०१६ च्या कायद्याने ते ४ टक्के करण्यात आले. स्वयंरोजगारासाठी १९९७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अपंग वित्त व विकास महामंडळाकडून सवलतीच्या दराने कर्जे मिळतात. ती राज्यातील नियुक्त संस्था वा बँकांमार्फत दिली जातात.

आईवडिलांच्या पश्चात

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात वा बहुविकलांगता असलेल्या मुलाच्या पालकांना एक प्रश्न रात्रंदिवस छळत असतो : आमच्या पश्चात याचे काय? नातलगांच्या भरवशावर हा प्रश्न सोडून देण्याची रीत जुनी आहे. परंतु भावाभावांत वाटण्या झाल्या की ज्याला आपला वाटा मागता येत नाही त्याचाच वाटा प्रथम बुडतो, याची उदाहरणे गावकऱ्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

या प्रश्नाच्या उत्तरासाठी संसदेने १९९९ साली राष्ट्रीय न्यास अधिनियम संमत केला. त्यानुसार जिल्हाधिकाऱ्याच्या स्तरावर एक स्थानिक समिती असते. तीत शासकीय अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती यांचा समावेश असतो. वरील चार प्रकारांतील व्यक्ती १८ वर्षांची झाल्यावर तिच्यासाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज या समितीकडे करता येतो. कायद्याच्या दृष्टीने १८ वर्षांनंतर आईवडीलसुद्धा आपोआप पालक राहत नाहीत, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला सादर करावयाची असते व दरवर्षी हिशेब द्यावयाचा असतो. पालक दुर्लक्ष करीत असेल किंवा मालमत्तेचा गैरवापर करीत असेल, तर त्यास दूर करण्याचा अधिकार समितीला आहे. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेतून या चार प्रकारांतील व्यक्तींना १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविम्याचे संरक्षणही मिळते.

आईवडील हयात असतानाच हा अर्ज करून ठेवावा, हे सर्वांत महत्त्वाचे. दोघांपैकी एकाच्या निधनानंतर, दुःखाच्या व धावपळीच्या काळात, कागदपत्रे जमविणे फार जड जाते.

गाव आणि संस्था यांमधील दुवा

मुंबई, म्हैसूर, सिकंदराबाद, कानपूर ही सारी नगरे खेड्यातील गरीब कुटुंबाला दूर वाटतात व ती आहेतही. एका तपासणीसाठी दोन दिवसांची मजुरी बुडवून, मूल कडेवर घेऊन, दोन गाड्या बदलून जावे लागते. आणि त्या दिवशी नेमका कागद नसला तर पुन्हा खेप पडते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या व त्यांपैकी सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागांत राहत होत्या. संस्था बव्हंशी शहरांत आणि गरजू बव्हंशी खेड्यांत, ही या कार्यातील सर्वांत मोठी उणीव होय.

ती भरून काढण्यासाठी जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रे आणि राज्यांसाठी संयुक्त प्रादेशिक केंद्रे स्थापन करण्यात आली आहेत. भोपाळ, अहमदाबाद व नागपूर येथे अशी प्रादेशिक केंद्रे आहेत. इंदूरकडील लोकांना भोपाळचे व वडोद्याकडील लोकांना अहमदाबादचे केंद्र त्यातल्या त्यात जवळचे. ग्वाल्हेर येथे दिव्यांग खेळाडूंसाठी प्रशिक्षण केंद्र उभे राहिले आहे. गोव्यात पर्वरी येथे १९८१ च्या आंतरराष्ट्रीय वर्षातच संजय विशेष शिक्षण केंद्र सुरू झाले. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत दिव्यांगांचा समावेश आहे. आणि पणजी येथे जानेवारी २०२३ मध्ये प्रथमच ‘पर्पल फेस्ट’ हा दिव्यांगांचा मोठा उत्सव भरविण्यात आला. कर्नाटक शासनाने तर ग्रामपंचायतीच्या पातळीवर ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते नेमण्याची पद्धत अवलंबिली आहे. हे कार्यकर्ते बहुधा स्वतः दिव्यांग असतात. कोणत्या घरी कोण आहे, कोणाचे प्रमाणपत्र राहिले आहे, कोणाचे साधन मोडले आहे, हे त्यांना ठाऊक असते. बेळगाव जिल्ह्यातील मराठी भाषिक ग्रामस्थांनी आपल्या पंचायतीतील या कार्यकर्त्याची ओळख करून घ्यावी.

जेथे असा कार्यकर्ता नाही तेथे हे काम गावानेच वाटून घ्यावयास हवे. अंगणवाडी सेविकेने सहा वर्षांखालील मुलांची, शिक्षकांनी शाळेत येणाऱ्या व न येणाऱ्याही मुलांची, आणि पंचायतीच्या सचिवाने प्रौढांची यादी ठेवावी. यादीत नावापुढे चारच रकाने पुरेत : तपासणी झाली काय, प्रमाणपत्र मिळाले काय, साधन मिळाले व ते वापरात आहे काय, आणि शिक्षण वा काम चालू आहे काय. वर्षातून दोनदा ही यादी एकत्र बसून वाचावी. जो रकाना रिकामा असेल तेथे पुढचे पाऊल कोणी व केव्हा टाकावयाचे, ते त्याच बैठकीत ठरवावे. एखाद्या कुटुंबाला दूरच्या संस्थेकडे पाठविताना आधी पत्र वा दूरध्वनीने दिवस निश्चित करून, सर्व कागद तपासून, सोबत वाचता येणारा एक माणूस द्यावा. एवढ्याने एक वायफळ खेप वाचते. आणि पुष्कळ वेळा ती पहिली वायफळ खेपच कुटुंबाची शेवटची खेप ठरलेली असते.

हक्क असूनही दाद मिळत नसेल तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. साधा लेखी अर्ज त्यासाठी पुरतो. वकील लावावाच लागतो असे नाही.

गावाच्या त्या यादीत आज एखादे आठ महिन्यांचे मूल असेल, जे हाक मारली असता वळून पाहत नाही. त्याच्या नावापुढचा पहिला रकाना या महिन्यात भरला गेला, तर पुढील तीन रकाने भरणे पुष्कळच सोपे जाईल.